तिसरी टकटक

माईक समोर आला की माणूस पहिल्यांदा काय करतो? बोटानं टकटक करतो. शिकलेला असो, अडाणी असो, नवरदेवाचा मामा असो नाहीतर मंत्री असो. जरा रुबाबदार गडी असला तर फुंकर मारतो. दोन्हीनं माईकचं वाटोळं होतं. त्या जाळीच्या आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा असतो आणि सगळा खेळ त्याच्यावर चालतो. म्हणून कुणाचं बोट माईककडं निघालेलं दिसलं की माझा हात आपोआप मशीनच्या बटणावर जातो आणि आवाज खाली येतो. उभ्या जन्माची सवय आहे. जेवताना नातीनं ताटावर चमचा वाजवला तरी माझा उजवा हात हलतो, असं घरची मंडळी सांगतात.

मला बारामती-इंदापूरकडं रशीद भोंगेवाला म्हणतात. गाव वडगाव निंबाळकर, दुकान बारामतीत. लग्न, उरूस, जत्रा, शर्यती, प्रचारसभा, शोकसभा, जिथं चार माणसांत एकाला बोलायचं असेल तिथं मी वायरी पसरल्या. ह्या अंकाचे संपादक म्हणाले, मोठमोठ्यांची भाषणं जवळून ऐकलीत, त्यांच्यावर लिहा. मोठ्यांवर लिहायला खंडीभर माणसं आहेत. मी लिहिणार आहे भानुदासतात्यांवर. ते कधी कुठल्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत, आणि आता तर तेही नाहीत.

आधी थोडं धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

लोकांना वाटतं, माईकवाल्याचं काम आवाज वाढवायचं. अर्धं काम आवाज पाडायचं असतं. संस्थांच्या वार्षिक सभा असतात ना, तिथं बघा. मशीनच्या शेजारी चेअरमनचा एक माणूस उभा असतो. पुढच्या दोन रांगांत ठरवून आणलेली मंडळी. वरून आवाज येतो, "अहवाल वाचला असे समजण्यात यावे." की पुढच्या रांगा ओरडतात, "मंजूर! मंजूर!" मागच्यांना विषय कुठला तेही कळलेलं नसतं, पण पुढचे ओरडले म्हणून तेही ओरडतात. आणि एखादा खरोखरचा सभासद प्रश्न घेऊन माईकपाशी आलाच, तर तो शेजारचा माणूस माझ्याकडं बघून कान खाजवतो. ती खूण. मी बटण खाली घेतो. लोक म्हणतात, "काय बोलतंय कळंना, बस खाली!" बिचारा बसतो. हे मी लपवून ठेवलेलं नाही, आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. भाडं देणाऱ्याचा आवाज मोठा, हा आमचा पहिला नियम.

गिऱ्हाइकं तरी काय एकेक! एक वक्ते माईक असा तोंडात घालायचे की मला वाटायचं, आता कणसासारखा खाऊन टाकतात. एकदा इंदापूरकडं मोठ्या पाहुण्यांचं हेलिकॉप्टर उशिरा आलं. तोवर सभा धरून ठेवायला एका स्थानिक पुढाऱ्याला उभं केलं. त्याचं भाषण संपलं, इतिहास संपला, घोषणा संपल्या. मग घामाघूम होऊन तो आपली म्हैस कशी आजारी पडली ते सांगायला लागला. खरं सांगतो, त्या दिवशी लोकांनी मन लावून ऐकलं ते म्हशीचंच. पाहुणे आले तेव्हा लोक म्हणाले, "थांबा, म्हशीचं काय झालं ते सांगू द्या."

असो. तात्यांकडं येतो.

भानुदासतात्या डाळिंबाच्या लिलावात पुकारायचं काम करत. ढीग मांडलेले, व्यापारी भोवती उभे, मधे तात्या. त्यांना कधी माईक लागला नाही. नरडं असं की वजनकाट्यापासून पुकारलं तर हमरस्त्यावर ऐकू जायचं. मला बघितलं की चिडवायचे, "रशीद, तुजी मशीन माझ्या नरड्याम्होरं पाणी भरंल बघ." मी म्हणायचो, "तात्या, अल्लानं तुम्हाला असा गळा दिला म्हणून माझं एक गिऱ्हाईक गेलं."

त्यांचा एक नेम होता. बोली वाढत वाढत थांबली की ते पुकारायचे, "एक वार." थांबायचे. "दोन वार." पुन्हा थांबायचे. तिसरा वार म्हणायच्या आधी विचारायचे, "बोली कुणाची?" ज्याची बोली त्यानं हात वर करून नाव सांगायचं, मगच तिसरा वार आणि सौदा पक्का. एकदा एका बड्या व्यापाऱ्यानं गर्दीच्या आडून भाव चढवायला हाळी दिली. तात्या दोन वार म्हणून थांबले. "बोली कुणाची?" कुणी बोलेना. शेतकरी म्हणाला, "जाऊ द्या तात्या, भाव चांगला आलाय." तात्यांनी तिसरा वार म्हटला नाही. ढीग तसाच राहिला आणि पुन्हा पहिल्यापासून बोली लागली. "बिननावाची बोली म्हंजी वारं," ते म्हणायचे, "वाऱ्याला माल इकतो का कुणी?"

ते काम सुटल्यावर तात्या गावी गेले. इंदापूर तालुक्यातलं, नीरेच्या काठचं गाव. नाव लिहीत नाही, त्या गावात माझी आजही ऊठबस आहे. मग एक दिवस दुकानात आले ते घसा धरूनच. आवाज बसलेला. मी म्हणालो, "तात्या, काय हे?"

"त्ये सोड. तुजा माईक भाड्यानं पायजे. बाजारात बोलायचंय."

"कशावर?"

"पार्लमेंटवर."

मी हसलो. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मला एक चित्रफीत दाखवली. दिल्लीच्या सभागृहात गोंधळ चाललेला, कागद उडतायत, आणि वर बसलेले गृहस्थ भराभर म्हणतायत, बाजूचे हो म्हणा, विरोधातले नाही म्हणा, होचं बहुमत, विधेयक मंजूर. मधे श्वास घ्यायला जागा नाही.

"बघितलंस?" तात्या म्हणाले. "एक वार न्हाय, दोन वार न्हाय, थेट तीन वार! बोली कुणाची त्ये इचारलंच न्हाय. आरं, आमच्याकडं कॅरेटभर डाळिंबाला नाव लागतं, आन् हितं आख्ख्या देशाला लागू हुणारा कायदा बिननावाचा?"

मी म्हणालो, "तात्या, कुणी मागणी केली तर मोजतात म्हणे तिथं."

"मागावं का लागावं? काट्यावर माल घालाया गिऱ्हाइकानं अर्ज करायचा व्हय?"

त्यांच्या मागण्या तीनच होत्या. कुठलाही कायदा आरडाओरड्यानं करायचा नाही, प्रत्येकाचं नाव आणि त्याचं हो की नाही, जाहीर. दुसरं, खासदारांनी आपला पगार आपणच ठरवायचा नाही. "गड्यानंच आपली मजुरी ठरवायची आन् मालकानं निस्तं बघायचं?" आणि तिसरं, सभागृहातली माणसं वाढवायची नाहीत, झाली तर कमी करायची. नव्या इमारतीत बाकं जास्त केलीत, माणसं वाढणार, असं सगळीकडं बोललं जात होतं. तात्या म्हणायचे, "लिलावात माणसं वाढली की भाव वाढतो असं न्हाय, निस्ता कालवा वाढतो. आताच एकेकाला बोलाया दोन-तीन मिंटं मिळत्यात. अजून वाढलं तर निस्ती हाळी द्याया बसवणार का त्यास्नी?"

मग आम्ही बाजार धरले. पोलिसांची परवानगी, टेम्पो, एक भोंगा, एक माईक. पणदऱ्याकडं, वडगावला, इंदापूरला. कुणी मेथी घेतंय, कुणी कोंबडी, आणि तात्या बसक्या आवाजात पार्लमेंट सांगतायत. अशा गळ्यासाठी माईक अगदी जवळ लागतो, बारीक सूर काढून टाकावे लागतात, आणि भोंगा माईकच्या पुढं ठेवावा लागतो, नाहीतर शिट्टी मारतो. मी जीव लावून मशीन जुळवायचो. भाड्याचं विचारलं तर सांगणार नाही.

लोक टिंगल करायचे. "तात्या, खासदार कमी झालं तर आमच्या रस्त्याचं कुणाला सांगायचं?" तात्या म्हणायचे, "आता कुणाला सांगतुयास आन् त्यो काय करतुय?" सगळे हसायचे. पण एकदा भाजी विकणारी एक बाई उठून उभी राहिली. हातात मेथीची जुडी तशीच. "तात्या, आता कुटं बायकांस्नी जागा राखून ठिवल्यात म्हनत्यात, आन् त्या मोजणी हून जागा वाढल्यावरच मिळणार म्हनं. तुमी वाढवूच नका म्हनताय. मग आमचं काय?" तात्यांनी माईक माझ्या हातात दिला. टेम्पोत बसल्यावर म्हणाले, "रशीद, बाई बरोबर बोलली." पुढच्या बाजारापासून त्यांनी तिसऱ्या मागणीत जोडून टाकलं: बायकांच्या जागा आहेत त्यातल्याच काढून द्या, वाढायची वाट बघू नका. पुरुष मंडळींच्या टाळ्या त्या दिवसापासून कमी झाल्या.

मग डॉक्टरांचं निदान आलं. घशात गाठ, आणि साधी नाही. पुण्याला नेऊन स्वरयंत्र काढावं लागेल, उशीर करू नका. तात्यांची मुलगी मंगल दुकानात येऊन रडली. म्हणाली, "रशीदचाचा, त्ये ऑपरेशन फुडं ढकलत्यात. म्हंत्यात, आधी ग्रामसभेत माझ्या मागण्यांचा ठराव हुदे. तुमी सांगा त्यास्नी, तुमचं ऐकतील."

मी गेलो सांगायला. तात्या ओट्यावर बसले होते.

"तात्या, जीव मोठा का ठराव?"

"तसं न्हाय रं. बाजारात बोलून काय हुतंय? मेथीबरुबर घरी गेलं की इसरत्यात. गावानं ठराव केला तर त्यो कागुद हुतो. दिल्लीला जातो. तितं कुणी वाचला न्हाय तरी चालंल, पर हितं एका गावानं तरी नाव सांगून, उभं ऱ्हाऊन, हो का न्हाय त्ये म्हणलं पायजे. येकदा माझ्या देखत. मला पुकारायचंय त्ये. येक येक नाव. त्येच्यानंतर कापू देत काय कापायचं त्ये."

मला त्यांचा राग आला होता. आजही येतो. पण त्या माणसाचा आवाज हीच त्याची उभ्या जन्माची कमाई होती, आणि तो शेवटचा कशावर खर्चायचा हे त्यानं ठरवलेलं होतं. मी कोण मधे पडणार!

ग्रामसभेच्या दिवशी मी दोन माईक लावले. एक वर टेबलावर, सरपंचांसाठी. दुसरा तात्यांच्या सांगण्यावरून खाली, बसलेल्या माणसांच्या मधोमध, दांडीवर. एकेकानं उठायचं, खालच्या माईकवर येऊन नाव सांगायचं, आणि हो किंवा नाही म्हणायचं. तात्या वरून पुकारणार.

आणि नेमकं त्या दिवशी कालव्याला पाणी सुटलं. आमच्याकडं पाण्याची पाळी आली की माणूस सख्ख्या भावाच्या लग्नातून उठतो, तिथं ग्रामसभेचं काय! सगळं गाव शेतात. सतरंजीवर म्हातारी माणसं, थोड्या बाया आणि दोन कुत्री. तात्या धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून बसलेले. वाट बघून बघून ग्रामसेवक म्हणाले, "गणपूर्ती होत नाही. पण तात्या, तुम्ही काळजी करू नका. शिपाई घरोघरी फिरून सह्या घेईल. उद्या ठराव तयार."

सरपंच दत्ताभाऊही म्हणाले, "तात्या, सगळीकडं असंच करत्यात. तुमच्या तब्येतीचं बघा."

भल्या मनानं म्हणत होते हो दोघंही. तात्यांनी मान हलवली. त्यांचा आवाज एवढा खोल गेला होता की मी बटण शेवटपर्यंत नेलं, तेव्हा कुठं भोंग्यातून आला. "माणसं न्हाईत तर सभा न्हाय. घरोघरच्या सह्या घ्यायच्या हुत्या तर मी दिल्लीला कशापायी नावं ठेवली? तहकूब करा."

सभा तहकूब झाली. मंगल तिथंच डोक्याला हात लावून बसली.

पुढच्या सभेची तारीख लांबली. मधे काय काय झालं ते मंगलला ठाऊक. डॉक्टर तिच्यावर ओरडले, एवढे दिवस काय करत होतात म्हणून. गाठ पसरली होती. शेवटी तिनं आणि जावयानं तात्यांना गाडीत घालून नेलंच. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा गळ्याच्या पुढं भोक, त्यावर पांढरी जाळीची पट्टी. तात्यांनी माझ्याकडं बघून ओठ हलवले. काहीच आलं नाही. एवढ्या आयुष्यात मला वाटलं नव्हतं की माझ्या मशीनला उचलता येणार नाही असाही आवाज असतो. बाहेर येऊन मी जिन्यावर बसून रडलो.

ग्रामसभा पुन्हा लागली तेव्हा तात्या घरी आलेले होते. ह्या वेळी मात्र गाव लोटलं. पाण्याची पाळी नव्हती हे खरं, पण खरं कारण तात्या. त्यांची अवस्था सगळ्यांना कळली होती. बाया-माणसं, तरणी पोरं, शेजारच्या वस्तीवरची माणसंसुद्धा. मी तसेच दोन माईक लावले. खालचा माईक मधोमध, दांडीवर. तात्यांनी येऊन तो बघितला, दांडी थोडी खाली केली, बायकांच्या उंचीची. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वर सरपंचांच्या शेजारी जाऊन बसले.

पहिले विषय झाले. मग दत्ताभाऊ उठले. "आता आपल्या तात्यांचा ठराव. तात्यांनी ह्येच्यासाठी काय सोसलं, तुमा सगळ्यांस्नी म्हाईत हाय." ग्रामसेवकांनी वाचायला घेतलं, "ही ग्रामसभा देशाच्या संसदेस विनंती करते की..."

पुढच्या रांगेतून एक गडी ओरडला, "वाचायचं काय त्यात? तात्यांचा ठराव हाय! मंजूर!"

"मंजूर! मंजूर!"

सगळा मंडप उठला. बायासुद्धा ओरडल्या. कुणी शिट्टी वाजवली. मायेनं ओरडत होते हो सगळे, डोळ्यांत पाणी होतं लोकांच्या. तात्यांना काहीतरी द्यायचं म्हणून जे जवळ होतं ते दिलं त्यांनी.

तात्या उभे राहिले होते. दोन्ही हात हलवून नको नको करत होते. लोकांना वाटलं नमस्कार करतायत, म्हणून टाळ्या वाढल्या. मंगल वर जायला बघत होती, पण गर्दीतून तिला वाट मिळेना. तात्या तसेच चालत मधे आले, खालच्या माईकपाशी. त्या माईकवर अजून एकही माणूस आला नव्हता. त्यांनी बोट उचललं आणि जाळीवर टकटक केली. एकदा.

माझा हात सवयीनं बटणावर गेला. तिथंच थांबला. मी आवाज पाडला नाही, उलट जेवढा होता तेवढा सगळा चढवला. भोंगे दाणकन वाजले.

तात्या थांबले, माणसांकडं बघत. मग दुसऱ्यांदा टकटक केली. ती पार नदीच्या बाजूच्या उसापर्यंत गेली असेल. पुन्हा थांबले. बोट तसंच वर धरलेलं. एकेका तोंडाकडं बघत होते. मला कळलं ते काय विचारतायत. बोली कुणाची? लिलावात त्यांच्यापुढं उभ्या राहिलेल्या कुणीही ते ओळखलं असतं. मी ओरडलो, "आरं, नावं सांगा! उठून नावं सांगा, त्ये थांबल्यात!" पण माझ्यापुढं माईक नव्हता.

पुढच्या रांगेतला तोच गडी हसून म्हणाला, "चालू हाय, तात्या! माईक चालू हाय!"

मंडप हसला, प्रेमानं. कुणीतरी हार आणून त्यांच्या गळ्यात घालायला गेलं, गळ्यावरची पट्टी बघून थबकलं आणि हातात दिला. तात्यांचं बोट हळूहळू खाली आलं. माईकला लागलं नाही. माझ्याकडं एकदा बघितलं त्यांनी, आणि हार हातात घेऊन मंगलच्या खांद्यावर हात ठेवून घरी गेले. दिवाळी त्यांना बघायला मिळाली नाही.

ठराव दिल्लीला गेला. ग्रामसेवक सांगतात, पोच आली. त्यावर लिहिलं आहे की ग्रामसभेनं एकमतानं, आवाजी मतदानानं मंजूर केला. कायद्यानं ते बरोबरच आहे, मी त्यांना दोष देत नाही. पण त्या दिवशी माईक माझा होता आणि मी कानानं ऐकलं आहे. टकटक दोनदाच झाली. तिसरी झाली नाही.